मोटरसायकलची चेन टाईट केली तरी पंधरा दिवसांत पुन्हा सैल होते, त्याची कारणं आणि इलाज

तक्रार नेहमीचीच असते. "मामा, चेन लई वाजायलीय बघा. परवाच टाईट करून घेतली होती की." माणूस चिंचोळी एमआयडीसीला रोज जा-ये करणारा असतो, नाहीतर मंगळवेढ्याहून सोलापूर शहरात येणारा. रस्त्याकडेचा मेकॅनिक पाना घेतो, दोन्ही बाजूंचे चेन ताणायचे अ‍ॅडजस्टर अर्धा-अर्धा फेरा आवळतो, वरून डब्यातलं काळं ऑइल सोडतो आणि गाडी मोकळी करतो. आवाज बंद होतो. पंधरा दिवसांनी तीच गाडी, तोच आवाज, आणि अ‍ॅडजस्टरचे आटे संपत आलेले.

नुसतं आवळत राहिलं की दिवस ढकलले जातात. चेन सैल का होते हे एकदा खाली बसून बघितलं तर कारणं मोजकीच निघतात. सोलापूर भागात त्यातली दोन बाकीच्यांना मागे टाकतात: धुळीत भरमसाट ऑइल, आणि चुकीच्या जागी मोजून ताठ केलेली चेन. दोन्ही गोष्टी लोक चेनची काळजी म्हणूनच करतात, हीच पंचाईत आहे.

चेन लांबते म्हणजे नेमकं काय होतं

चेनच्या पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला तयार केली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. मधे पिन, पिनेभोवती बुश, बुशवर मोकळा फिरणारा रोलर, दोन्ही अंगांना पट्ट्या. चेन स्प्रॉकेटवर (चेन जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती) वळते तेव्हा पिन बुशच्या आत थोडीशी फिरते. झीज होते ती तिथे, न दिसणाऱ्या जागी. ११६ कड्यांच्या चेनमध्ये असे ११६ सांधे असतात. प्रत्येक सांध्यात फक्त ०.१ मिमी खेळ वाढला तरी अख्खी चेन ११.६ मिमी लांब होते. आपण म्हणतो "चेन लूज झाली", खरं तर ती एकशे सोळा ठिकाणी थोडी थोडी झिजलेली असते.

मग त्या पिनेपर्यंत ऑइल पोचतं कुठून? आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यामधल्या केसभर फटीतून. प्रत्येक सांध्याला अशा दोन फटी, एक डावीकडे, एक उजवीकडे. थेंब पडायला हवा तो या फटीवर. मधोमध रोलरवर धार सोडली की चेन न्हाऊन निघाल्यासारखी दिसते आणि सांधे आतून कोरडेच राहतात.

ओ-रिंगच्या चेनचा हिशेब वेगळा. दोन पट्ट्यांच्या मधे रबराची काळी बारीक रिंग दिसली तर तुमची चेन ओ-रिंगची. तिच्यात पिन-बुशमधलं ग्रीस कारखान्यातच भरून रिंगांनी आत कोंडलेलं असतं. बाहेरून जे ऑइल द्यायचं ते रोलरसाठी, गंज चढू नये म्हणून आणि रबर कोरडं पडून चिरू नये म्हणून. एकदा रिंग फाटून आतलं ग्रीस गेलं की त्या सांध्याला बाहेरून फारसं काही करता येत नाही. स्प्लेंडर-शाइनसारख्या पूर्ण कव्हरवाल्या गाड्यांना बहुधा साधी चेन असते. तिला ऑइलची गरज जास्त, पण कव्हरमुळे धूळ कमी लागते. ते कव्हर वाजतं म्हणून काढून टाकणारे बरेच आहेत. कव्हर वाजतं कारण आतली चेन सैल होऊन त्याला आपटते. चेन नीट करा, कव्हर राहू द्या. आपल्याकडच्या रस्त्यांवर साध्या चेनला उघडं सोडणं म्हणजे तिचं आयुष्य निम्म्यावर आणणं.

आता धूळ. होटगी रोडला सिमेंटचे बल्कर, जिकडेतिकडे मुरमाचे टिपर, कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि रस्त्यावर पडलेलं पाचट. ओल्या चेनवर ही धूळ बसते आणि ऑइल तिला धरून ठेवतं. मुरमाची बारीक पूड आणि ऑइल एकत्र आलं की व्हॉल्व्ह बसवताना घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते, आणि ती चेनवर रात्रंदिवस काम करते. वापरलेलं काळं इंजिन ऑइल तर आधीच काजळी आणि धातूचा कीस घेऊन आलेलं असतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की ते पातळ होऊन रिमवर, टायरवर उडतं, आणि चेनवर उरतो तो गाळ. फुकट मिळतं एवढाच त्याचा गुण. ग्रीस थापणं हा दुसरा प्रकार. घट्ट ग्रीस त्या केसभर फटीतून आत जात नाही, बाहेर बसून धूळ गोळा करतं. कोरडी चेन निदान ओरडून सांगते. माखलेली चेन गुपचूप झिजते आणि मालकाला वाटतं, आपण तर दर आठवड्याला ऑइल घालतो.

मोजायचं कुठे

बोटानं चेन वर-खाली करून "लूज आहे" म्हणणं म्हणजे मोजणं नव्हे. स्टीलची पट्टी घ्या. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चावी खिशात. चावी खिशात हे मुद्दाम लिहितोय. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे अजूनही दिसतात. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि मागोमाग बोट. अशानं बोटाचं पेर गमावलेली माणसं या धंद्यात भेटतात.

खालच्या बाजूची चेन, पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या बरोबर मध्यावर. पट्टी उभी धरा. चेन खाली ओढा, आकडा बघा. वर ढकला, आकडा बघा. दोन्हींमधला फरक म्हणजे प्ले. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांना तो २० ते ३० मिमीच्या घरात लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो (चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंग आर्म), आणि तोच धरायचा. काही गाड्यांना साइड स्टँडवर मोजायला सांगितलेलं असतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

आता खरी मेख. चाक हातानं थोडं फिरवा आणि पुन्हा मोजा. पुन्हा फिरवा, पुन्हा मोजा. चेन पूर्ण फिरेपर्यंत चार-पाच ठिकाणी. वापरलेल्या चेनचा प्ले सगळीकडे सारखा येत नाही. एके ठिकाणी ३५ मिमी, थोडं फिरवलं की १५. सगळे सांधे सारखे झिजत नाहीत म्हणून असं होतं. जिथे प्ले सर्वांत कमी येतो तिथे चेनवर खडूची खूण करा. टाईट करताना मोजायचं ते याच जागेवर.

होतं काय, की आवाज सैल जागेचा येतो. म्हणून सैल जागा वर आणून ती आवळली जाते. सैल जागा बरोबर झाली की टाईट जागा ताठ होते. दर फेऱ्याला तो भाग स्प्रॉकेटवर आला की सगळे सांधे ओढले जातात, झीज झपाट्यानं वाढते, आणि पंधरा दिवसांत चेन पुन्हा सैल. पुन्हा आवळली की फेरा पुन्हा सुरू. वारंवार येणाऱ्या गाड्यांमध्ये हेच कारण जास्त सापडतं.

चेन ताठ असली म्हणजे चांगली, हा समजही डोक्यातून काढा. गाडीवर माणूस बसला की मागचं चाक गाडीच्या मानानं वर येतं आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याची खीळ आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेकडे सरकतात. त्या रेषेत पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं, म्हणून चेन तिथे सर्वांत ताणलेली असते. स्टँडवर बेताची वाटणारी चेन दोन माणसं बसल्यावर ताठ होते. आणि आपल्याकडे गाडीवर फक्त माणसं कुठे असतात! चादरींचे गठ्ठे, सुताची पोती, दुधाचे कॅन. ताठ चेनचा ताण इंजिनच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. पुढच्या छोट्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळायला लागलं की लोक सील बदलतात, चेन मात्र तशीच ताठ ठेवतात, आणि नवं सीलही काही महिन्यांत जातं. रोज ओझं वाहणाऱ्या गाडीला मी दिलेल्या मर्यादेतला वरचा आकडा ठेवतो. नेहमीचं वजन गाडीवर चढवून, टाईट जागा खाली आणून एकदा बोटानं बघा. तेव्हाही चेन थोडी हलायलाच हवी.

कान आणि हात

आवाज कुठून येतो ते ओळखायला एक सोपी मोजणी आहे. टायरच्या कडेला खडूची रेघ मारा आणि चाक हळूहळू फिरवा. समजा मागचा स्प्रॉकेट ४० दात्यांचा आणि चेन ११० कड्यांची आहे. चाक एकदा फिरलं की ४० कड्या सरकतात, म्हणजे तीच कडी त्याच जागी यायला चाकाचे पावणेतीन फेरे लागतात. तेव्हा "टक" असा आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येत असेल तर दोष मागच्या स्प्रॉकेटमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये. अडीच-तीन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनमधली एखादी कडी धरलेली आहे.

धरलेली कडी डोळ्यांनी दिसते. चाक हळू फिरवत छोट्या स्प्रॉकेटवरून बाहेर पडणाऱ्या चेनकडे बघत राहा. बाकीच्या कड्या वळणावरून सुटल्या की सरळ होतात, ही एकटी कोनात वाकडीच राहते आणि खालून जाताना चेन किंचित उडी मारते. तिथे थांबा. कापडानं ती कडी पुसा आणि पट्ट्यांमधल्या फटीकडे उजेडात बघा. लाल-तपकिरी भुकटी दिसेल, बोटाला चोळली तर कोरडी लागणारी. ती आतल्या पिनेचा गंज. त्या सांध्यात कित्येक दिवस ऑइल गेलेलं नाही, बाहेरून चेन कितीही काळीभोर चकचकीत असली तरी. दोन्ही फटींवर एक-एक थेंब सोडा, कडी अंगठा-तर्जनीत धरून वर-खाली वाकवत राहा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तेच. साध्या चेनची कडी बहुतेक वेळा मोकळी होते. ओ-रिंगच्या चेनमध्ये लाल भुकटी दिसली म्हणजे रिंग गेली. अशा तीन-चार कड्या सापडल्या तर चेन बदलायचीच तयारी ठेवा.

सगळ्या कड्या मोकळ्या आहेत, तरी चेन सैल होतेच? मग चाकच पुढे सरकतंय का ते बघा. घरात नेलपॉलिशची बाटली असेलच. टाईट केल्यानंतर अ‍ॅक्सल नटवरून चिमट्यापर्यंत एक रेघ ओढा, अ‍ॅडजस्टरच्या लॉक नटवरही एक. आठवड्यानं बघा. रेघ तुटून दोन्ही भाग सरकले असतील तर चेनचा दोष नाही, नट ढिला होतोय. वारंवार खोलून त्या सेल्फ-लॉक नटमधलं नायलॉन गेलेलं असतं, किंवा स्प्लिट पिन कुणीतरी काढून परत लावलेलीच नसते. नवा नट स्वस्तात मिळतो, आणि इथे काटकसर करण्याचं काही कारण नाही.

झटका लागत असेल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडताना-देताना मागून "ठक" होत असेल, तर मागच्या हबमधलं कपलिंग रबर तपासा. गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. चाक धरून पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट जागेवर राहून चाक बरंच हलत असेल तर रबर बसलं आहे. या गाडीची चेन कितीही आवळा, झटका जाणार नाही. चेन ताठ करून तो झटका दाबायचा प्रयत्न केला तर नव्या चेनचंही वाटोळं होतं.

आपल्या शहराचं एक खास कारण म्हणजे सूत. पॉवरलूमच्या भागात रस्त्यावर सुताचे धागे पडलेले असतात. ते चेनवरून छोट्या स्प्रॉकेटवर गुंडाळले जातात, ऑइलात भिजून घट्ट होतात आणि शाफ्टच्या सीलमध्ये घुसतात. दसऱ्याला गाडीला घातलेल्या झेंडूच्या हाराची दोरीही तिथेच जाते, आणि संक्रांतीच्या सुमारास नायलॉनचा मांजा. छोट्या स्प्रॉकेटचं कव्हर वर्षातून दोनदा तरी उघडा. दोन-तीन बोल्टचं काम आहे. आत काळ्या गाळाचा थर आणि त्यात गुरफटलेले धागे बघून बरेच मालक चकित होतात.

धुवायचं कशानं, घालायचं काय

केरोसीन सर्वांत बरं, पण हल्ली ते सहज मिळत नाही. डिझेल चालतं, फक्त नंतर कोरडं पुसावं लागतं. पेट्रोल नको. रबराच्या रिंगा त्यानं फुगतात आणि आगीची भीती वेगळी. तारेचा ब्रशही नको, रिंगा फाटतात. जुना टूथब्रश पुरे. पुसायला गॅरेजमधलं कॉटन वेस्ट घेऊ नका. त्याचे धागे कड्यांत अडकतात आणि वर सांगितलेलं सुताचं प्रकरण पुन्हा सुरू होतं. जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा सर्वांत चांगला. सोलापुरात तोही मिळत नसेल तर कठीण आहे.

ब्रश लावताना आणि पुसताना चाक उलट्या दिशेनं फिरवा आणि हात खालच्या चेनवर, मागच्या स्प्रॉकेटच्या जरा पुढे ठेवा. त्यामुळे चेन स्प्रॉकेटपासून दूर जात राहते आणि कापड आत ओढलं जात नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिली की प्रेशरच्या पाण्यानं धुतात. जोराचं पाणी रिंगांच्या आत शिरतं, साध्या चेनमधलं उरलंसुरलं ऑइल घेऊन जातं, आणि गाडी चकाचक होऊन घरी येते ती कोरड्या चेननिशी. दुसऱ्या दिवशी लालसर दिसायला लागते. चेनवर प्रेशर मारू नका असं आधीच सांगा, आणि धुऊन आली की त्याच दिवशी ऑइल द्या.

साध्या चेनला एसएई ९० गिअर ऑइल. शिशी कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते आणि बरेच महिने पुरते. सुई नसलेल्या जुन्या सिरिंजमध्ये किंवा शिलाई मशीनच्या तेलाच्या बुधलीत भरून घ्या. खालच्या चेनच्या वरच्या अंगावर, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूला, दोन्ही पट्ट्यांच्या फटींवर थेंब सोडत चाक फिरवायचं. आतल्या अंगाला यासाठी की गाडी पळताना ऑइल बाहेरच्या दिशेनं फेकलं जातं, म्हणजे ते सांध्यातूनच जातं. बाहेरून घातलं तर थेट रिमवर. पूर्ण कव्हरवाल्या गाडीला कव्हरवर रबराचं बूच असतं, ते काढून तिथूनच हे काम होतं.

उघड्या ओ-रिंग चेनला मी चेन लूब स्प्रे घेतो, तोही कमी चिकटणारा, मेणाच्या जातीचा. धूळ कमी धरतो. मागे पुठ्ठ्याचा तुकडा धरा, टायरवर आणि डिस्कवर उडता कामा नये. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि मळ सोडवायला चांगला आहे, चेनवर टिकणारं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

वेळ कोणती, हे बहुतेकांचं उलटं असतं. सकाळी निघताना ऑइल घालून लगेच गाडी काढतात आणि निम्मं ऑइल आसरा चौकापर्यंत उडून जातं. संध्याकाळी घरी आल्यावर घाला. चेन कोमट असते, ऑइल आत शिरतं, स्प्रेमधला पातळ भाग रात्रभरात उडून जातो. आणि सकाळी निघण्याआधी कोरड्या कापडानं चेन बाहेरून पुसा. पुसणं हीच धुळीच्या मुलखातली खरी युक्ती. आत जे गेलं ते राहतं, बाहेर जे उरलं त्यावर धूळ बसते. पुसलेली चेन हाताला किंचित तेलकट लागावी, बोट काळं होता कामा नये.

किती दिवसांनी, याला साधारण ५०० किमी हा आकडा धरतात. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याचं काम चाललंय अशा भागातून रोज जात असाल तर त्याआधीच, पण थोडं थोडं. पावसात भिजलेली चेन त्याच संध्याकाळी. आणि काळ्या रानातून गाडी काढली असेल तर वेगळं. ती माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. वाळल्यावर खरवडायला जाऊ नका. मगानं साधं पाणी सोडून भिजू द्या, मऊ झाली की ब्रशनं काढा, कोरडी पुसा, मग ऑइल. चिखलावरून ऑइल घातलं तर आधीच्या परिच्छेदांतली सगळी मेहनत फुकट.

टाईट करताना

अ‍ॅक्सल नट सैल करा. ड्रम ब्रेकच्या गाडीला टॉर्क रॉडचा (ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू नये म्हणून धरणारी सळई) नटही थोडा ढिला करावा लागतो, आणि काही गाड्यांना स्प्रॉकेटच्या बाजूला आतला एक मोठा नट असतो, तोही. खडूची खूण केलेली टाईट जागा खाली मध्यावर आणा. अ‍ॅडजस्टर एकावेळी पाव फेरा, डावा जेवढा तेवढाच उजवा. चिमट्यावरच्या रेघा जुळवा, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास नको. गाडीच्या मागे बसून एक डोळा मिटून चेनच्या रेषेत बघा. चेन सरळ स्प्रॉकेटवर यायला हवी, तिरकी नाही. स्प्रॉकेटच्या दात्यांच्या एकाच बाजूला घासून चकाकी आली असेल तर चाक वाकडं बसलंय, आणि वारंवार चेन सैल होण्याचं कारण तेच असू शकतं.

अ‍ॅक्सल आवळण्याआधी कापडाची घडी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मधे सरकवून चाक हलकेच फिरवा. घडी अडकते, चेन ताणते आणि चाक पुढे ओढलं जाऊन दोन्ही अ‍ॅडजस्टरवर पक्कं बसतं. तसंच धरून नट आवळा, मग घडी काढा. पुन्हा प्ले मोजा. अ‍ॅक्सल आवळताना तो बदलतो, आणि न मोजता गाडी सोडणारेच जास्त.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक विसरू नका. चाक मागे सरकलं की ब्रेकच्या पेडलचा प्ले बदलतो, बहुतेक वेळा ब्रेक धरल्यासारखा होतो. चाक हातानं फिरवून मोकळं आहे का बघा, ब्रेक रॉडचा नट जुळवा, मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का तेही. "चेन टाईट केल्यापासून गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडलं" अशी तक्रार आली की मी आधी ब्रेकच बघतो.

चेन संपली हे कसं ओळखायचं

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. अर्धा दाता उघडा पडला तर चेन संपली. नक्की मोजायचं असेल तर चेन ताणून २० कड्यांचं अंतर घ्या, पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत. चेनच्या पट्टीवर ४२८ असा नंबर असेल तर एक कडी १२.७ मिमी, म्हणून नव्या चेनचे २५४ मिमी भरतात. साध्या चेनला दोन टक्के झीज ही शेवटची मर्यादा धरतात, म्हणजे २५९ मिमी झाले की बदला. ५२० नंबरची एक कडी १५.८७५ मिमीची, वीस कड्या ३१७.५ मिमी. ओ-रिंगच्या चेनला मी एक टक्क्यावरच थांबतो, म्हणजे ३२०.७ मिमी. पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र. दाते एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर त्यावर नवी चेन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या दात्यांवर ती नीट बसत नाही आणि महिनाभरात पुन्हा आवळायची वेळ येते. "फक्त चेन टाका, स्प्रॉकेट चालतील अजून" असं म्हणणारी गाडी परत येणार हे ठरलेलं. किट घेताना दोन्ही स्प्रॉकेटचे दाते आणि चेनच्या कड्या जुन्याशी मोजून घ्या, डब्यावरच्या छापील नावावर जाऊ नका.

नवी चेन डिझेलनं धुऊ नका. तिच्यावरचं ग्रीस कारखान्यातलं आहे आणि त्याहून चांगलं काही आपण घालणार नाही. बाहेरचा जास्तीचा थर तेवढा कापडानं पुसा. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ती थोडी सैल होते, ते बसण्याचं लक्षण आहे. ५०० किमीला एकदा मोजून जुळवा. चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. उलटं बसलं तर एखाद्या काटकीनं किंवा पाचटानं क्लिप निघू शकते. नवी क्लिप पकडीनं दाबून बसवली की दोन्ही खाचांत नीट बसल्याचं नखानं चाचपून बघा, मगच कव्हर लावा.